जुन्या बाहुल्यांची डागडुजी : घरबसल्या करता येण्याजोगा जोडधंदा

परळ-भोईवाड्यातील चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत कोणता धंदा मावेल, असे भगिनी विचारतात. क्रोशाची सुई चालवता येत असेल तर जुन्या बाहुल्यांची दुरुस्ती करून पाहावी. चोर बाजारात, मटन स्ट्रीटच्या दुकानांतून जुना माल येतच असतो. बाहुल्या घरात ठेवाव्यात की नाही, याबद्दल उलेमांत मतभेद आहेत, मात्र हजरत आयेशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, हे हदीसमध्ये आले आहे.

प्रथम माल ओळखावा. मानेमागे, केसांखाली छाप असतो. ‘जर्मनी’ असे लिहिले असेल तर बाहुली बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. चिनी मातीच्या डोक्यात अंधारात बॅटरी लावावी. बाहेरून न दिसणारी चीर लगेच उजळून दिसते. घेण्यापूर्वी हे न पाहणारा हमखास फसतो.

सर्वात जास्त काम हातापायांचे येते. ते आतून इलॅस्टिकने ओढून धरलेले असतात आणि मुंबईच्या दमट हवेत इलॅस्टिक कुजते. नवी दोरी क्रोशाच्या सुईने धडातून ओढून आकड्यात अडकवावी. फार ताणू नये, सांध्याची कड उडते.

चेहऱ्यावर नवा रंग चढवण्याचा मोह मात्र आवरावा. जुना, विटका पण अस्सल चेहरा शौकिनाला हवा असतो. रंगवला की किंमत उतरते. तुटलेल्या चिनी मातीला अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला पॅरालॉइड बी-७२ लावावा, म्हणजे पुढे जोड सोडवता येतो. भुसा व सरसाच्या लगद्याच्या बाहुलीला पाणी लावू नये, ती फुगते.

सेल्युलॉइडची बाहुली चोळल्यावर कापरासारखा वास येतो. तिला हाच अ‍ॅसिटोन विरघळवून टाकतो. शिवाय ती चटकन पेट घेते. स्टोव्हजवळ, दिव्याजवळ कधीही नेऊ नये. एका खोलीत स्वयंपाक आणि काम दोन्ही असेल तर असा माल न घेतलेलाच बरा.

काम घेताना बाहुलीचा फोटो काढून मोडतोड पावतीवर लिहून घ्यावी, म्हणजे वाद होत नाही. मजुरी घेऊन दुसऱ्याची बाहुली दुरुस्त करणे वेगळे आणि स्वतः विकत घेऊन विकणे वेगळे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. तशा वस्तूंच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. आखातातून नातेवाइकाची मागणी आली, तरी आधी हे तपासावे.