भिलाईत काम आहे, नोकरी नाही

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा छत्तीसगडचा कारभार नागपूरहून चालत असे. चार वर्षांनी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भातशेतीच्या मुलुखात एक नवे शहर वसले. कायम कामगाराला तिथे वेतनाबरोबर घर, शाळा, दवाखाना आणि निवृत्तीपर्यंतची शाश्वती मिळत होती.

आज दुर्ग-भिलाई हा दहा लाखांहून अधिक वस्तीचा महानगरी पट्टा आहे. कारखाना बंद पडलेला नाही. उलट, दहा लाख टनांची आरंभीची क्षमता विस्तारानंतर सत्तर लाख टनांवर गेली आहे. कायम कामगारांची संख्या मात्र उलट्या दिशेने गेली. भिलाई ज्या ‘सेल’चा भाग आहे, त्या कंपनीत १९९०च्या दशकाअखेरीस दीड लाखाहून अधिक कर्मचारी होते, आता ते साठ हजारांच्या आत आहेत. यंत्रे आली, निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि उरलेल्या कामाचा मोठा भाग ठेकेदारांकडे गेला.

हे परिवर्तन बेरोजगारीच्या आकड्यांत दिसत नाही. २०२३-२४च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात देशाचा बेरोजगारी दर ३.२ टक्के होता आणि छत्तीसगडचा त्याहूनही कमी. कारण मोजणीच्या रीतीत आहे. ‘नेहमीची स्थिती’ या निकषानुसार वर्षभरात किमान तीस दिवस पूरक काम केलेली व्यक्तीही रोजगारप्राप्त गणली जाते. तीन महिने ठेकेदाराकडे राबून उरलेले वर्ष काम शोधण्यात घालवणारा तरुण या हिशेबात बेरोजगार ठरत नाही.

भिलाईचा दीर्घकाळ अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी तिथल्या बोलीतला ‘नोकरी’ आणि ‘काम’ हा भेद केंद्रस्थानी ठेवला आहे. मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. नोकरी असलेल्याला कर्ज मिळते, स्थळ येते, मुलांच्या शिक्षणाचा बेत आखता येतो. काम असलेल्याला उद्या फाटकातून आत घेतील की नाही, याचीही खात्री नसते.

या भेदासाठी इथे रक्त सांडले आहे. दल्ली-राजहराच्या लोहखाणींतील कंत्राटी मजुरांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी यांनी पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांत निर्वाहयोग्य वेतनाची आणि कायम करण्याची मागणी नेली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांची झोपेत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी याच मागण्यांसाठी रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंधराहून अधिक जण मृत्युमुखी पडले. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल’च्याच खटल्यात निर्णय दिला की, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीत सामावले जात नाहीत. १९९६च्या निकालाने उघडलेला दरवाजा त्यामुळे बंद झाला.

केवळ क्षमता वाढवल्याने नोकऱ्या वाढतात, हे गृहीतक भिलाईने खोटे ठरवले आहे. म्हणून मोजणी आणि धोरण दोन्ही बदलायला हवीत. लेखी करार, भरपगारी रजा व सामाजिक सुरक्षा यांची माहिती सर्वेक्षणात गोळा होतेच. ती बेरोजगारी दराच्या शेजारी जिल्हानिहाय ठळकपणे मांडावी. बारमाही स्वरूपाच्या कामात ठेकेदारी किती, हे प्रत्येक सार्वजनिक उद्योगाने दरवर्षी जाहीर करावे.

महाराष्ट्राला यात विशेष रस असायला हवा. सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा प्रकल्प यांच्या बळावर गडचिरोलीला पोलादाचे केंद्र बनवण्याचे स्वप्न राज्य सरकार दाखवत आहे. गुंतवणुकीचे आणि टनांचे आकडे सांगितले जातील. गडचिरोलीच्या तरुणांनी त्याबरोबर आणखी एक आकडा मागावा: यातील नोकऱ्या किती आणि काम किती?