मोजपट्टी घेऊन रोमला

फ्रान्सने १६६६ साली रोममध्ये कला अकादमी स्थापन केली आणि पुढे 'प्री द रोम' ही स्पर्धा जिंकणारे वास्तुकलेचे विद्यार्थी सरकारी खर्चाने तेथे राहून प्राचीन इमारती मोजू लागले. त्यांना दरवर्षी 'आंव्हॉ', म्हणजे अभ्यासाचा पुरावा ठरणारी रेखाचित्रे, पॅरिसला धाडावी लागत. उदाहरणार्थ, रोममधील प्राचीन पँथिऑन मंदिराचा ४३ मीटर व्यासाचा घुमट लोखंडी सळ्यांवाचून उभा आहे, कारण माथ्याजवळच्या काँक्रीटमध्ये हलका ज्वालामुखी दगड आहे. तेथील उघड्या झरोक्यातून पडणारा पाऊस फरशीतल्या भोकांतून निचरतो, हे तपशील पुस्तकापेक्षा जागेवरच नीट उमगतात. अशाच एका विजेत्याने, आँरी लाब्रूस्तने, दक्षिण इटलीतील पेस्टममधील ग्रीक मंदिरांची जी पुनर्रचना चितारली, ती मात्र अकादमीतील ज्येष्ठांना मुळीच रुचली नाही.