रविवारचा बाजार आणि संध्याकाळचा दस्तरखान

रमजानच्या महिन्यात लासूर स्टेशनचा रविवारचा बाजार दोनदा भरतो म्हटलं तरी चालेल. सकाळचा बाजार नेहमीचाच. भाजीपाला, मिरची, कपडा, कोंबड्या, बैल, शेरडं आणि भावावरून होणारी घासाघीस. उन्हं कलली की दुसरा बाजार उभा राहतो. हातगाड्यांवर पपया चिरल्या जातात, खजुराची खोकी उघडतात, टरबुजाच्या फोडींवर ओलं फडकं पसरलं जातं. दिवसभर घशाला कोरड पडलेली माणसं फळांचे भाव विचारत फिरतात. रोजेदाराला दुपारी चारनंतर दिसेल ते घ्यावंसं वाटतं, हे प्रत्येक फळवाल्याला माहीत असतं.

लासूर तसं दोन ठिकाणी आहे. शिवना नदीच्या काठचं, दाक्षायणी देवीचं लासूर जुनं. निजामाच्या काळात हैदराबादकडून मनमाडला जाणारी मीटरगेज आली आणि तिच्या स्टेशनाभोवती जी पेठ वाढली, ते लासूर स्टेशन. पुढे रूळ रुंद झाले, इंजिनं बदलली, पण गावाच्या नावातलं 'स्टेशन' काही उतरलं नाही. रेल्वेमुळे वसलेल्या गावाला अनोळखी माणसाची सवय असते. इथे कुणी कुणाला 'कुठले तुम्ही?' असं विचारलं, तर त्यात संशय नसतो. पुढची गाडी कोणती, हे सांगायची तयारी असते.

याच स्टेशनच्या रस्त्याला एक टरबूजवाले चाचा बसतात. त्यांच्या शेजारी लसूण-आल्याचा ढीग मांडून एक मावशी. असरच्या नमाजची वेळ झाली की चाचा पैशांचा डबा मावशींकडे सरकवतात, 'बघा हं मावशी' एवढंच म्हणतात आणि मशिदीच्या दिशेने चालू लागतात. परत आल्यावर डबा मोजत नाहीत. मावशी मात्र काय विकलं, कितीला विकलं, याचा तोंडी हिशेब दिल्याशिवाय त्यांना बसू देत नाहीत.

इस्लाममध्ये याला अमानत म्हणतात. हजरत मुहम्मद पैगंबरांना (स.) मक्केचे लोक 'अल-अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणत ते नबुव्वत मिळण्याच्या आधीपासून. पुढे त्याच मक्केत त्यांना विरोध झाला, तरी विरोधकांच्या चीजवस्तू त्यांच्याकडेच ठेवलेल्या असत. मदिनेकडे निघण्याची वेळ आली तेव्हा त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अलींना मागे ठेवलं. ज्यांच्या छळामुळे गाव सोडायचं, त्यांच्याही ठेवी परत करायच्या! रमजानच्या बयानात हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो. चाचांनीही तो ऐकलेला आहे. मावशींनी ऐकलेला नाही. त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

२०२५च्या रमजानमध्ये या डब्याची एकदा परीक्षा झाली. त्या मार्चमध्ये खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापलेलं होतं. १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला, तिथल्या काही भागांत संचारबंदी लागली. खुलताबाद तर याच जिल्ह्यातलं. घराघरांतले मोबाईल दिवसरात्र वाजत होते. पुढच्या रविवारी चाचांचा मुलगा म्हणाला, "अब्बा, आज दुकान नको." चाचा दुपारपर्यंत घरात बसून राहिले. मग त्यांच्या मनात आलं, आज गेलो नाही तर पुढच्या रविवारी जायला आणखी जड जाईल. उशिरा येऊन बघतात तो त्यांच्या जागेवर मावशींची रिकामी बारदानं पसरलेली. मावशी म्हणाल्या, "सकाळपासून तीन जण जागा मागून गेले. किती जणांशी भांडू मी?"

या गोष्टीला उगाच मोठं नाव देण्याचं कारण नाही. चाचांच्या जागेवर दुसरा लसूणवाला येऊन बसला असता तर मावशींच्याच धंद्याला झळ लागली असती, आणि हे त्या स्वतःच हसत सांगतात. पण शेजार टिकतो तो अशाच हिशेबांवर. नुसत्या सद्भावनेच्या भाषणावर टिकलेला शेजार अजून कुणी पाहिलेला नाही.

चाचांच्या गाडीमागे, बंद दुकानाच्या ओट्यावर, रमजानच्या रविवारी एक दस्तरखान पसरतो. बोलावणं नाही, फलक नाही, फोटो नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाकावर बसलेले चार-पाच मित्र, आता चाळिशीला टेकलेले. एक एसटीत वाहक आहे, एकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, एक शेती करतो, एक वाळूजच्या कारखान्यात मशीनवर. एरवी रविवारी त्यांची बैठक रात्री जेवणाला असते. रमजानमध्ये ती मगरिबच्या वेळेला येते, इतकाच फरक.

यातल्या वाळूजच्या मित्राची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याने काही वर्षं रोजे सोडले होते. पाळ्यांची नोकरी, भट्टीजवळची जागा, पित्ताचा त्रास, अशी कारणं होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. आजाऱ्याला आणि प्रवाशाला कुरआनने सवलत दिलेली आहे. सुटलेले रोजे नंतर इतर दिवसांत पूर्ण करायचे. त्याने सवलत घेतली, 'नंतर' मात्र कधी आलं नाही. घरात कुणी बोललं नाही. मशिदीतही कुणी विचारलं नाही.

विचारलं ते एसटीतल्या मित्राने. तो गळ्यात माळ घालणारा वारकरी. एका रविवारी भज्यांचा पुडा सोडता सोडता त्याने सहज विचारलं, "यंदा किती झाले रे तुझे?" वाळूजवाला म्हणाला, "अकरा." तोपर्यंत महिन्याचे अकराच रोजे झालेले होते आणि त्याचा त्यातला एकही नव्हता.

रोजा ही अशी इबादत आहे की ती दिसत नाही. नमाज चारचौघांत होते, जकात घेणाऱ्याला कळते, हजला गेलेला माणूस गावाला माहीत असतो. रोजेदाराने मात्र दार लावून घोटभर पाणी प्यायलं तर अल्लाहशिवाय कुणाला कळणार? म्हणूनच त्यात दिखाव्याला जागा कमी आणि लबाडीला जास्त. त्या संध्याकाळी मित्राने त्याच्या हातावर पहिला खजूर ठेवला. "आधी तू. आमचा काय, नुसता फराळ!" तो खजूर त्याला गिळवेना. रात्री त्याने बायकोला सांगितलं, पहाटे सहरीला उठव. पित्तासाठी डॉक्टरला विचारलं, पाळी बदलून मागितली. जे रोजे उरले होते ते धरले. वारकरी मित्राला त्याने ही गोष्ट पुढे वर्षभराने सांगितली. तो एवढंच म्हणाला, "मला वाटलंच होतं. अकरा रोजे केलेल्याचं तोंड असं टवटवीत नसतं."

यंदाच्या एका रविवारी याच ओट्यावर एक म्हातारे शेतकरी येऊन टेकले. हातात गुंडाळलेलं दावं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, ही शेतकऱ्याची रीत. त्यामुळे बाजारात कुणाच्या हातात रिकामं दावं दिसलं की काय झालंय ते विचारावं लागत नाही. जोडीतला एक बैल आधीच गेला होता, दुसरा आज दिला. गाडीला वेळ होता.

इफ्तारची वेळ साडेसहाच्या पुढे होती. इथे दर संध्याकाळी एक छोटा वाद ठरलेला. खिशातलं वेळापत्रक छत्रपती संभाजीनगरचं आणि लासूर स्टेशन तिथून पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटर. इथे सूर्य मिनिट-दीड मिनिट उशिरा मावळतो. तरुण पोरं घड्याळ दाखवतात, चाचा मात्र हात वर करून थांबवतात. "अजान होऊ द्या. दिवसभर थांबलात, दीड मिनिटानं काय मरताय?"

त्या थांबलेल्या वेळातच वाळूजच्या मित्राने म्हाताऱ्यांना हाक मारली, "बाबा, इकडं सरका."

"मला कुठं रोजा हाय," ते म्हणाले. "मला कसं चालंल?"

"सकाळपासून काय खाल्लं?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "घरून भाकरी आणलेली. खावीशी वाटली नाही."

रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला रोजेदाराइतकंच पुण्य मिळतं, मग ते एका खजुराने का असेना, असं पैगंबरांनी सांगितलेलं आहे. ज्याचा रोजा नाही पण जो दिवसभर उपाशी आहे, त्याचं काय, असा प्रश्न ओट्यावर कुणी काढला नाही. अजान झाली. खजूर फिरला. म्हाताऱ्यांनी आपलं फडकं सोडून सकाळची भाकरी आणि लसणाची चटणी मधे ठेवली. भजी, पपई आणि टरबुजाच्या आधी ती भाकरी संपली. तेरा तासांच्या उपवासानंतर टरबुजाचं कौतुक असतं, पण तिखटाला तोड नाही, असं एसटीवाला म्हणाला. त्याचा स्वतःचा उपवास वगैरे काही नव्हता.

म्हातारे बैलाबद्दल बोलले. थोडंच. कामाला कसा होता, पाण्याला कसा जायचा. मग दावं उशाशी ठेवून ओट्यावरच आडवे झाले आणि गाडीच्या वेळेला उठवा म्हणाले.

मगरिबची नमाज पढून चाचा परतले तेव्हा अंधार पडला होता. मावशींनी डबा पुढे केला. "दोन टरबूजं गेली. एक दहा रुपये कमी करून दिलं."

"कशापायी?"

"गिऱ्हाईक निघून चाललं होतं, भाई. तुम्ही असता तर वीस सोडले असते."

चाचांनी डबा न मोजता पिशवीत टाकला. तिकडे स्टेशनवर गाडीची घोषणा झाली, तसा वाळूजवाला म्हाताऱ्यांना उठवायला ओट्याकडे धावला.