वस्त्रांतील दुर्गंध आणि त्याचे निवारण

वाराणसीच्या घाटांवर धोबी पिढ्यान्‌पिढ्या वस्त्रे धूत आले आहेत. त्यांच्या जुन्या पद्धतीत मळके कपडे प्रथम रेहाच्या पाण्यात भिजवीत असत. रेह म्हणजे उत्तर प्रदेशातील ऊसर, अर्थात खारवट, जमिनीवर पांढऱ्या पापुद्र्यासारखे साचणारे क्षारांचे मिश्रण होय. आपल्या परिचयाचा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, हा त्यातील महत्त्वाचा घटक असतो. भिजलेले कपडे नंतर उकळत्या पाण्याच्या भांड्यावर रचून त्यांतून रात्रभर वाफ जाऊ देत. हीच भट्टी. पुढे नदीत आपटणे, खळबळणे आणि उन्हात वाळवणे. क्षाराने तेलकट मळ सुटे, वाफेने जंतू मरत आणि वाहत्या पाण्याने सुटलेले सारे निघून जाई. सुती कापडातला कोणताही वास या उपचारापुढे सहसा टिकत नसे.

घरी कुत्रे किंवा मांजर पाळणाऱ्यांचा अनुभव मात्र वेगळा असतो. चादर साबणाने दोनदा धुतली, वाळल्यावर ती स्वच्छ वाटली, आणि पावसाळी हवेत पुन्हा तोच दर्प येऊ लागला, असे घडते. याचे कारण समजून घेतले पाहिजे. ताज्या मूत्रास फारसा वास नसतो. त्यातील युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि उग्र वासाचा अमोनिया निर्माण होतो. मांजराच्या मूत्रात फेलिनीन नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते. ते हळूहळू विघटित होते, म्हणून बोक्याचा वास दिवसेंदिवस वाढतच जातो. कुत्र्याच्या अंगचे तेल कापडास चिकटते. पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्यांत तर ते सुतापेक्षा अधिक घट्ट बसते. धाग्यांत उरलेले क्षार हवेतील दमटपणा शोषून घेतात, जिवाणूंना ओलावा मिळतो आणि वास परत येतो. अत्तर किंवा सुगंधी पावडर त्यावर केवळ पांघरूण घालते.

यास्तव क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम कोरड्या कपड्यावरील केस ब्रशाने झाडून काढावेत. भिजल्यावर ते अधिक चिकटतात. नंतर डाग थंड पाण्याने भरपूर खळबळावा. युरिया पाण्यात सहज विरघळतो, तर गरम पाण्याने प्रथिनांचे डाग पक्के होतात. अमोनियाचा वास असल्यास एक भाग शिरका व चार भाग पाणी यांत कपडा अर्धा तास ठेवावा. शिरक्यातील आम्ल अमोनियाशी संयोग पावून विरघळणारे, वास न येणारे लवण बनवते. कपडा पुन्हा स्वच्छ धुऊन विकरयुक्त, म्हणजे एन्झाइम असलेल्या, धुण्याच्या पावडरीत काही तास भिजत घालावा आणि कडक उन्हात वाळवावा. वास पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नये.

विकरांचा इतिहास मनोरंजक आहे. पूर्वी कातडी मऊ करण्यासाठी कुत्र्याची विष्ठा वापरीत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो र्‍योम यांनी तिच्याऐवजी प्राण्यांच्या स्वादुपिंडातील विकरे वापरली आणि १९१३ मध्ये हीच विकरे कपडे धुण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले. क्षारातही टिकणारी जिवाणूजन्य विकरे १९६० च्या दशकात प्रचारात आली. ती लाळ, घाम व त्वचेचा कोंडा यांतील प्रथिनांचे तुकडे करतात, आणि त्यामुळे जिवाणूंचे खाद्यच नाहीसे होते.

परंतु येथेच बनारसी साडीच्या धन्याने सावध व्हावे. रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिने आहेत. मळ पचवणारे विकर धागाही पचवू लागते. तीव्र सोडाही त्यांना अपाय करतो. भट्टी सुतासाठी होती, रेशमासाठी नव्हे. साधे रेशीम रिठ्याच्या थंड पाण्यात हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवावे. जरीस शिरका लावू नये. भारी साडी जाणकाराकडेच सोपवावी आणि डाग कशाचा आहे हे त्यास संकोच न करता सांगावे.

आणखी एक इशारा देणे अगत्याचे आहे. वास जावा म्हणून अनेक जण ब्लीचिंग पावडर वापरतात. मूत्रातील अमोनियाशी तिचा संयोग झाल्यास क्लोरामाइन हा विषारी वायू निर्माण होतो. शिरक्याशी ती मिसळल्यास क्लोरीन बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात दोन्ही प्राणघातक ठरू शकतात.

थोडक्यात, दुर्गंध हे एक द्रव्य आहे. ते झाकायचे नसून कापडातून बाहेर काढायचे असते. कोणते द्रव्य आणि कोणता धागा, हे दोन प्रश्न आधी विचारले, तर पाळीव प्राणी आणि जपलेले वस्त्र ही दोन्ही एकाच घरात सुखाने नांदू शकतात.