ढिगाखालची जमीन कोणी पाहिली?

मागच्या खेपेला आपण ‘मोजणं’ आणि ‘अंदाज करणं’ यांतला फरक पाहत होतो. तेव्हा एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की आता खाणी ड्रोनने मोजतात, मग त्यात अंदाज उरला कुठे? प्रश्न चांगला आहे, आणि पैशाचाही आहे. आपल्याकडे मुरूम, खडी ब्रासवर जाते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर. उत्खनन विनापरवाना ठरलं, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

ड्रोन घनफळ मोजत नाही, तो फोटो काढतो. एकच दगड अनेक फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसतो, त्यावरून संगणक त्याची जागा आणि उंची काढतो. मग त्यावर बारीक चौकटींची जाळी पसरायची. समजा चौकट 10 सेंटिमीटरची आहे आणि तिथे ढीग तळापासून 2 मीटर उंच आहे, तर त्या चौकटीवर 20 लिटर माल झाला. सगळ्या चौकटींची बेरीज म्हणजे घनफळ.

आता ‘तळापासून’ असं आपण सहज म्हणून गेलो, तिथे थांबा जरा. तळ कोणी पाहिला? तो ढिगाखाली झाकलेला आहे. तळ आपण ठरवतो. ढीग उतारावर असेल आणि कडेच्या सर्वांत खालच्या बिंदूतून आडवी पातळी धरली, तर मूळची जमीनसुद्धा माल म्हणून मोजली जाते. कडेचे बिंदू जोडून तिरपा तळ धरला तर बरं. पण खाली आधीपासून खड्डा असेल, तर तो त्यातही येत नाही. लॉकने आकारमान हा वस्तूचा स्वतःचा गुण मानला, पाहणाऱ्यावर अवलंबून नसलेला. वर्गात आम्ही ते वर्षानुवर्षं शिकवलं, ढीग मोजायची वेळ कधी आली नव्हती!

खाणीत सगळं उलटं. खड्डा समोर असतो, हरवलेली असते ती जुनी जमीन. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने त्याच्या शेतातल्या खाणीचा अहवाल दाखवला. त्यात जुनी उंची म्हणून 2000 सालच्या अवकाशयानातल्या रडार सर्वेक्षणाचे आकडे घेतले होते. त्यातली एक चौकट सुमारे 30 मीटरची. म्हणजे एक हेक्टरच्या खाणीत जेमतेम अकरा चौकटी, आणि उंचीत काही मीटरची चूक सहज संभवते.

चुका दोन जातीच्या असतात, बरं का. कुठे वर, कुठे खाली अशा विखुरलेल्या चुका बेरजेत बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. पण सगळा पृष्ठभाग एकाच बाजूला सरकला, तर बेरीज ती चूक जमवत जाते. एका हेक्टरवर फक्त 10 सेंटिमीटर धरा: 1000 घनमीटर, सुमारे 353 ब्रास. काही मीटर म्हटल्यावर काय होईल, ते तुम्हीच करून बघा. शिवाय गवत-झुडपांचा शेंडा जमीन म्हणून मोजला जातो, आणि खाणीत पाणी साचलं असेल तर तळ म्हणून पाण्याचा पृष्ठभाग मिळतो.

त्या अहवालात ब्रासच्या रकान्यात दशांशचिन्हापुढे तीन आकडे होते, जुन्या उंचीत किती चूक असू शकते याबद्दल एक ओळही नव्हती. आम्ही त्याला म्हटलं, वकिलाकडे जायच्या आधी खाण सुरू होण्यापूर्वीची एखादी मोजणी कुठे मिळते का ते शोध.