आठवी पास? सुतारकामाची वाट मोकळी

आयटीआयमधला सुतारकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा. आठवी उत्तीर्ण आणि किमान १४ वर्षे वय एवढ्यावर प्रवेश मिळतो.

आधी करवत, रंधा, पटाशी हातात बसवायची, मग यंत्रे. दार-खिडक्यांच्या चौकटी गुण्याला आणायच्या, नकाशा वाचून लाकडाचा हिशेब काढायचा. हा हिशेब खरोखर मोलाचा, कारण घरमालकाचा पैसा तिथेच वाचतो. परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. पुढे १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन घेत कामही शिकता येते.

वडिलांच्या हाताखाली घडलेल्या सुतारांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पंतप्रधान विश्वकर्मा योजना आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत कर्ज.