अडलेल्याच्या हाती लेखणी

बेंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडली की बोम्मसंद्राची औद्योगिक वसाहत लागते. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली मेट्रोची पिवळी मार्गिका इथेच संपते. समजा, या वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात निपाणीहून आलेला तरुण मिलिंग मशीनचा जी-कोड तयार करण्यासाठी ‘फ्रीकॅड’ हे मुक्त सॉफ्टवेअर शिकतो आहे. समोरचा धडा सांगतो, ‘पाथ’ हे वर्कबेंच निवडा. यादीत ‘पाथ’ कुठेच नाही, कारण नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत त्याचे नाव ‘कॅम’ झाले. अर्धा तास धडपडल्यावर हे त्याच्या लक्षात येते. धड्यातली कोणती ओळ कुठे चकवते, हे त्या घटकेला त्याच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते. ज्यांनी हे सॉफ्टवेअर घडवले ते इथे अडतच नाहीत, त्यांना बदल आधीपासून माहीत असतो. आठवडाभरात हा तरुणही सरावतो आणि आपण अडलो होतो हेच विसरतो. डॉक्युमेंटेशनला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मदत-पानांना, सर्वाधिक गरज असते ती याच ज्ञानाची, आणि ते फार थोडे दिवस टिकते. ते विरून जाण्याआधी पानावर उतरावे, एवढी ते उतरवण्याची वाट जवळची हवी.

आज ती वाट लांब आहे. अनेक प्रकल्पांची मदत-पाने सॉफ्टवेअरच्या कोडशेजारीच ठेवलेली असतात आणि कोडसाठीचे सगळे सोपस्कार त्यांनाही लागू होतात. एक शब्द बदलायचा, तर आधी खाते उघडा, प्रकल्पाची स्वतःची प्रत काढा, बदलांची नोंद ठेवणारे ‘गिट’ शिका, मजकुराची विशिष्ट खुणांची लिपी समजून घ्या, पाने आपल्या संगणकावर बांधून पाहा, बदलाचे कारण ठरावीक साच्यात लिहा आणि मग ‘पुल रिक्वेस्ट’, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवून वाट बघा. प्रोग्रामरच्या हे अंगवळणी पडलेले असते. मिलिंग मशीनवरच्या माणसाला मात्र एका शब्दासाठी नवी विद्या शिकावी लागते. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या ‘गिटहब’ने २०१७ मध्ये सुमारे साडेपाच हजार जणांची पाहणी केली. त्यांतल्या ९३ टक्क्यांनी अपुरे किंवा गोंधळात टाकणारे डॉक्युमेंटेशन ही सर्रास आढळणारी अडचण असल्याचे सांगितले. तरीही योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतात किंवा कधीच लावत नाहीत. दुखणे सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना ते सर्वांत जास्त जाणवते, त्यांनाच उपचारात हातभार लावता येत नाही.

वाट जवळ करता येते, याचा पुरावा पवईत आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या अर्थसाह्याने ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे प्रकल्प उभे राहिले. ‘साइलॅब’ या गणिती सॉफ्टवेअरला चांगल्या उदाहरणांची वानवा होती. ‘फॉसी’ने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअरचे अंतरंग समजावत बसण्याऐवजी त्यांना येत असलेलेच काम दिले: अभ्यासक्रमातले पाठ्यपुस्तक घ्या आणि त्यातली सोडवलेली उदाहरणे साइलॅबमध्ये सोडवा. काम तपासून मंजूर झाले की मानधन. उत्तर पुस्तकातच असल्याने विद्यार्थ्याला आपली चूक स्वतः पकडता येते. अशा शेकडो पुस्तकांच्या जोडपुस्तिका त्यातून तयार झाल्या. ‘स्पोकन ट्युटोरियल’ची संहिता तर दोन रकान्यांचा साधा तक्ता असते: एकीकडे पडद्यावर काय दिसते, दुसरीकडे त्या वेळी काय बोलायचे. ध्वनिमुद्रणाआधी ती एका नवशिक्याकडे जाते. तो तिच्याबरहुकूम करून पाहतो आणि जिथे अडतो तिथे संहिता सुधारली जाते. विषयाचा जाणकार तपासतोच, पण नवशिक्याची तपासणीही रीतसर टप्पा मानली जाते. मग निवेदन मराठी, कन्नडसह अनेक भारतीय भाषांत होते आणि पडदा इंग्रजीच राहतो, म्हणजे पुढे नोकरीत जे दिसणार तेच शिकताना दिसते. भाषांतर करणाऱ्याला हवी चांगली मराठी आणि विषयाची समज. ‘गिट’ यायलाच हवे असे नाही.

दार उघडले की कचराही आत येतो, हा आक्षेप खरा आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टना टी-शर्ट मिळणार होता. एखादे विशेषण घालून किंवा विरामचिन्ह हलवून पाठवलेल्या निरर्थक बदलांनी विनावेतन प्रकल्प सांभाळणाऱ्या मेन्टेनरांची पुरती दमछाक झाली. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी आपणहून संमती दिली, तिथलेच आणि स्वीकारलेलेच बदल धरले जातील. पण त्या पुरात प्रोग्रामरसाठीची तीच लांब वाट तुडवून लोक आले होते. म्हणजे अवघड वाट हौशी उपद्रव थांबवत नाही. गरजू पण अनोळखी माणसाला मात्र थांबवते. तिथे बक्षीस होते संख्येला, पवईत मानधन होते तपासून मंजूर झालेल्या कामाला. फरक त्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोणीही लिहू लागले तर चुकीची माहिती पसरेल. वेब तंत्रज्ञानाचा संदर्भग्रंथ ठरलेले ‘एमडीएन’ २००५ पासून विकी होते. म्हणजे कोणीही केलेला बदल आधी प्रसिद्ध व्हायचा, तपासणी नंतर. डिसेंबर २०२० मध्ये ते ‘गिटहब’वर गेले, जेणेकरून प्रत्येक बदल आधी तपासला जावा. तो निर्णय योग्यच होता. पण तिथेही पानाच्या तळाशी मजकुरातली चूक कळवण्याची सोय आहे. सांगणे सोपे आणि छापणे काटेकोर, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. राहिला तिसरा आक्षेप, की आता कृत्रिम बुद्धिमत्ताच ही पाने लिहील. तीही लिहिलेल्यावरच शिकते. नाव बदलल्याचे कोणी नोंदवलेच नसेल, तर ती पूर्ण आत्मविश्वासाने ‘पाथ’ उघडायला सांगेल.

म्हणून मुक्त प्रकल्पांनी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक पानावर ‘इथे अडलो’ सांगणारी चौकट द्यावी, जिला खाते लागणार नाही. आलेली नोंद नीट लिहून काढण्याचे काम जाणत्याने करावे आणि श्रेय सांगणाऱ्याच्या नावावर जमा व्हावे. आणि ती नोंद कोणत्याही भाषेत चालावी. ‘गिटहब’च्या त्याच पाहणीत जवळपास चौथा हिस्सा लोक इंग्रजी फार चांगले लिहू-वाचू न शकणारे होते, आणि पाहणी होती आधीच आत पोहोचलेल्यांची. बोम्मसंद्राच्या त्या तरुणाकडे सांगण्यासारखे एकच मराठी वाक्य आहे: ‘पाथ सापडत नाही, आता त्याला कॅम म्हणतात.’ ते लिहायला अर्धे मिनिट पुरते. तेवढे त्याला लिहू दिले, तर त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाचा अर्धा तास वाचेल.